दूध-भाकर अन् सुमनताईचं बोट

माझ्या तोंडात बोटं घालून जिनं मला जगवलं, तिला आमच्या घरानं कानतुटक्या कपात चहा दिला.

ती सुमनताई आज सकाळी गेली.

मी दुसरी शिकलेली. बोलणं माझं, टायपिंग नातीचं. नातीचा भुलीच्या डॉक्टरकीला नंबर लागलाय! पेढे वाटून हात दुखायलेत. पोर लय गुणाची, चहा तेवढा बिघडवती. असो.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव डोकी पेटलेली, तवाची गोष्ट. माझं अपेंडिक्स दुखायलं म्हणून बैलगाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "उपाशी ठेवा. पाणीसुद्धा नको."

सासूचा जीव राहीना. "रिकाम्या पोटी सुरी कशी सोसंल गं?" पदराआड दूध-भाकर चारली. मी खाल्ली.

सुमनताई तिथं सिस्टर. टेबलावर घेताना म्हणाली, "काही खाल्लंय का? खरं सांगा. भुलीत उलटी झाली तर श्वासात जाईल."

सासू दारात उभी.

मी म्हणाले, "न्हाई."

मग नाकावर जाळी, तिच्यावर भुलीच्या औषधाचे थेंब. दहापर्यंत मोजा म्हणाले. मला चारच आठवतात.

पुढचं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी चिडून सांगितलं. मधीच उलटी झाली. सुमनताई उशाशी माझी हनुवटी धरून होती. तिनं मान वळवली, बोटं घालून भाकरीचा लगदा काढला. मी बेशुद्धीतच कडकडून चावले.

श्वास मोकळा होईस्तोवर तिनं हात काढला न्हाई.

शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, "दात मजबूत आहेत तुमचे." तिच्या बोटाला पट्टी. रागावली असती तर बरं झालं असतं.

सुमनताई बौद्ध. सासूला ते कळलं. घरी आल्या आल्या मला डोक्यावरून आंघोळ घातली. टाके ओले होते!

वर्षानं ती गावात लेकरांना डोस पाजायला आली. मीच हौसेनं घरी बोलावलं. सासूनं त्यांच्यासाठी वळचणीला वेगळा ठेवलेला कानतुटका कप काढला.

तिनं कप बघितला. मग मला बघितलं. बोटावर माझ्या दातांचा व्रण होता.

मी खाली बघितलं.

"नको बाई," ती म्हणाली. "उपाशी राहिलेलं बरं असतं. तुम्हाला तर माहीत आहे."

सासूवर ढकलणं सोपं. ती कधीच गेली, भांडायला येत न्हाई. पण "न्हाई" मी म्हणाले होते. कपापाशी गप्प बी मीच.

नातीनं टायपिंग थांबवलं. "आजी, खोटं का बोललीस?"

मरणापेक्षा सासूला जास्त भ्याले, बाळा.

सुमनताई, खाल्लं होतं मी. दूध-भाकर.

याच तोंडाची श्रद्धांजली घ्या.