गजा सावंतचा शेवटचा गोल

सगळ्या अंधेरीचे आवाज मी काढतो. स्टेशनावरच्या टांगेवाल्याचा काढतो, रेशनच्या कारकुनाचा काढतो, मामीचा तर असा काढतो की मामा आतून "आलो, आलो" करत बाहेर येतो. पण आज तुला जे सांगतोय, ते मी अजून कुठल्याच आवाजात कुणापुढे बोललेलो नाही. सहा वर्षं झाली. मामीला नाही, मामाला नाही, दोस्तांत तर नाहीच. तुलाच का? — ते मला विचारू नकोस. ऐक फक्त.

मी राजापूरचा. मॅट्रिक तिकडेच झालो, दुसऱ्या फटक्यात, आणि नोकरी शोधायला मामाच्या खोलीत येऊन पडलो. आमच्या चाळीमागे पाद्र्यांची शाळा होती आणि तिथे एक आयरिश फादर. माणूस ताडासारखा, नाक टोमॅटोसारखं. मराठी शिकला होता स्वैपाकीणबाईकडून, त्यामुळे स्वतःबद्दल "मी येते, मी जाते" असंच बोलायचा. मी त्याच्यासमोर त्याची नक्कल करायचो आणि सगळ्यांत जास्त तोच हसायचा.

ह्या फादरने चाळीतल्या पोरांना त्याच्या गावचा फुटबॉल शिकवला. फुटबॉलच, पण हातानेही धरायचा. चार पावलं पळायचं, मग टप्पा मारायचा, पुन्हा पळायचं. गोलाचे खांब म्हणजे दोन लांबच लांब बांबू, मध्ये एक आडवा. आडव्या बांबूच्या वरून बॉल गेला तर एक पॉइंट. खालून गेला तर गोल — गोलाचे तीन. एवढंच ध्यानात ठेव, बाकीचं सोड.

गोलात उभा राहायचा गजा. गजानन सावंत. गिरणीत बदलीवर होता — म्हणजे रोज सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं, कुणी कायमवाला गैरहजर असेल तर काम, नाहीतर आलास तसा परत जा. पहिल्या दिवशी फादरने विचारलं, बांबूत कोण उभं राहणार? कुणी पुढे होईना. गजा गेला. आणि मग चार वर्षं तिथून हललाच नाही.

काय सांगू तुला त्याच्याबद्दल. मी कुणाचीही टिंगल करतो — पण गजाची मला कधी करता आली नाही. बघत राहायचो नुसता. बॉल आला की बाकीची अकरा डोकी बोंबलायची, हा गप्प. केसांत गिरणीचा कापूस, पाय अनवाणी, हात खाली सोडलेले. वाटायचं, झोपला काय हा? आणि पुढच्या क्षणाला बॉल त्याच्या छातीशी. मध्ये काय झालं ते दिसायचंच नाही. एकदा मी मुद्दाम डोळ्याची पापणी न हलवता पाहिलं, तरी नाही दिसलं. बोरिवलीची पोरं — तिथेही असाच एक फादर होता, त्याची टीम — ती गजाला "भिंत" म्हणायची. भिंत कसली रे? भिंतीला कुठे कळतं बॉल कुठे येणार ते?

आणि त्याच्या पुढ्यात बाबल. गजाच्याच गावचा, वयाने मोठा, पाठीने दरवाजाएवढा. त्या दोघांचं एक गुपित होतं. मॅच व्हायची भात कापून झालेल्या शेतात, थंडीच्या दिवसांत, पहिली पाळी सुटल्यावर. डोंगराकडच्या बांबूत उभं राहिलं की वर्सोव्याकडचा सूर्य सरळ डोळ्यांत. उंच बॉल गजाला दिसायचाच नाही. तेव्हा बाबल ओरडायचा. "धर!" म्हणजे उडी मार. "जाऊ दे रे!" म्हणजे वरून चाललाय, हात लावू नकोस — कारण हात लागून तो खाली पडला तर एकाचे तीन. आणि गजा डोळे मिटून ऐकायचा. खरंच मिटायचा. मी जवळून पाहिलंय.

जवळून, कारण मला खेळता यायचं नाही. म्हणून फादरने मला त्याचा जुना पांढरा कोट घातला आणि दोन निशाणं देऊन खांबाजवळ उभं केलं. वरून गेला की पांढरं, गोल झाला की हिरवं. कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा. लोक मला कंपाउंडर म्हणायचे. पण गजापासून मी चार हातांवर. मला वाटायचं, देवळात गाभाऱ्याशी जागा मिळाली.

चौथ्या वर्षी बोरिवलीशी मॅच. फादरने घाटकोपरच्या एका कारखान्याचा साहेब आणला होता. त्यांना त्यांच्या फुटबॉल टीमला गोली हवा होता, आणि गोलीला कायमची नोकरी. गजाला सांगितलं होतं. आख्ख्या चाळीला माहीत होतं. त्याची आई त्या दिवशी शेताच्या बांधावर येऊन बसली — पहिल्यांदाच.

शेवटची दोन-चार मिनिटं राहिली असतील. आम्ही दोन पॉइंटांनी पुढे. सूर्य गजाच्या डोळ्यांत. बोरिवलीच्या पोराने लांबून बॉल उंच मारला. बाबल धक्काबुक्कीत गुडघ्यावर पडला होता. गजाने डोळे मिटले आणि — वाट बघायला लागला.

आणि मी ओरडलो. बाबलच्या आवाजात.

"जाऊ दे रे!"

का? मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो की मला बॉल वरून चाललेला दिसला. खोटं. मी बॉलकडे बघतच नव्हतो. मी गजाकडे बघत होतो. मला बघायचं होतं — माझा आवाज चालतो का. हसू नकोस. ज्या माणसाला कुणी फसवू शकत नव्हतं, तो माझ्या आवाजावर हात खाली ठेवतो का, एवढंच. आणि त्याने ठेवले. एवढा मोठा गजा, डोळे मिटून, कसा शांत उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. आजही येतो. कुणी कुणावर एवढा भरवसा ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

बॉल आडव्या बांबूला खालून घासून आत गेला. गजाच्या केसांना वारा लागला असेल.

हिरवं निशाण मीच वर केलं. माझंच काम ते.

एका पॉइंटने गेलो. साहेब हात झटकून गाडीत बसला. कुणीतरी नंतर सांगितलं, तो म्हणाला, गोली चांगला आहे पण ऐन वेळी थिजतो. गजा आईला घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी नळावर बाबलला एवढंच म्हणाला, "चार वर्षं तुझ्या आवाजावर उभा राहिलो मी." बाबल शपथा घेत होता की आपण तोंडच उघडलं नाही. गजा म्हणाला, तुझा आवाज मला कळत नाही काय? बादली उचलली आणि गेला. पुन्हा बांबूत उभा राहिला नाही. फादर दोनदा घरी आला, "मी विनंती करते" म्हणाला, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही.

तुला वाटलं असेल, झालं, हीच ती गोष्ट. पोरकटपणा होता, वाट लागली, संपलं. नाही यार. हे तर मी अजून सांगू शकलो असतो कुणाला. ह्यापुढचं नाही.

महिनाभराने बाबल मला जिन्यात भेटला. तोंड उतरलं होतं. गजा त्याच्याशी बोलत नव्हता, आणि त्या दोघांचं लहानपण एका पेजेच्या थाळीत गेलेलं. त्याने माझा दंड धरला. "मध्या, तू खांबाकडे होतंस मरे. खरा सांग. मी बोललंय काय?"

बघ — त्याने मला विचारलं. तोंडावर. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. गजाला नोकरी मिळाली नसती, पण बाबल तरी मिळाला असता.

मी म्हटलं, "ऐकू आलं खरं मला."

माझ्याच आवाजात म्हटलं. नक्कल नाही काही नाही.

त्याने दंड सोडला. जिन्यावरच खाली बसला. म्हणाला, मग गेलाच असेल तोंडातून, मी पडलंय तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्याला पाणी आणून दिलं. विचार कर, पाणी आणून दिलं मी.

शिमग्याला आमच्या चाळीत कोकणातली सगळी माणसं जिन्याखालच्या गावदेवाच्या तसबिरीपुढे जमतात. नारळ ठेवायचा आणि एकाने गाऱ्हाणं घालायचं — मोठ्याने देवाला सांगायचं काय ते, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. त्या वर्षी बाबल पुढे झाला. नारळ त्याचा. गजा भिंतीला टेकून उभा, आईने ओढून आणलेला. मी त्याच्या शेजारी.

"बा देवा म्हाराजा," बाबल म्हणाला, "ह्या तुज्या लेकरान नको त्या टायमाक तोंड उघडल्यान."

होय म्हाराजा.

"माज्यापायी गजाची भाकरी गेली. चूक माजी, दुसऱ्या कोणाची नाय."

होय म्हाराजा — सगळी चाळ म्हणाली. गजाही म्हणाला, पण सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. पन्नास माणसांपुढे बाबल आपली मान वाकवून उभा होता आणि त्याचा घोगरा आवाज असा थरथरत होता की तो मला त्या क्षणी काढता आला नसता. मी एवढा मोठा माणूस पुन्हा बघितला नाही.

"होय म्हाराजा" मीही म्हटलं. चांगलं खणखणीत.

त्याच वर्षी बाबल गावी शेतीला परत गेला. गजा अजून बदलीवर आहे, सकाळी गेटावर जातो, भेटला की "काय मध्या" म्हणून पुढे होतो.

त्या दिवशी नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून बाबल एकेकाला देत आला. गजाला दिला, गजाने घेतला. मग माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.