बेंबीतली नळी आणि ते करडं चित्र

भूतबीत, अंगात येणं वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. अजूनही येतं. डॉक्टर माणूस मी, त्यात स्वभाव फटकळ... पण ही एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

महाराष्ट्र राज्य नवंच होतं आणि मीही नवीच. खामगावच्या एका छोट्या दवाखान्यात नोकरीला होते. किती सुखाचे दिवस होते ते! हंगामात जवळच्या जिनिंग कारखान्यातली कापसाची रुई उडत खिडकीतून आत यायची आणि आमच्या सिस्टर दिवसभर तिच्या नावाने खडे फोडत बसायच्या. आज तो वैतागसुद्धा हवाहवासा वाटतो.

एका दुपारी मोताळ्याकडचं शेतकरी जोडपं नुकतं जन्मलेलं बाळ घेऊन आलं. हळदीसारखं पिवळं. आधीची दोन अशीच काविळीने गेलेली. याचं रक्त बदलायचं होतं — बेंबीच्या शिरेत बारीक नळी घालून थोडं काढायचं, थोडं द्यायचं. नळी किती आत घालायची ते आम्ही खांद्यापासून बेंबीपर्यंत दोऱ्याने मोजून ठरवायचो. मी दोरा काढला तशी सोबत आलेली बाळाची आत्या मध्ये पडली.

"मोजू नका बाई! आमच्यात लेकराले मोजत नाहीत."

"आत्याबाई, न मोजता कसं करू?"

"त्या दोघायले मोजलं व्हतं ना दवाखान्यात... काय झालं मंग?"

बाळाची आई रडायलाच लागली. वाद घालायला वेळ नव्हता. मी चिडून दोरा ठेवला आणि अंदाजानेच नळी आत सरकवली.

रक्त येईना. सिरिंज ओढतेय, काहीच नाही. नळी यकृतात वळली असेल तर तिच्यातून रक्त देणं म्हणजे बाळाचा जीव घेणंच. आणि तेव्हा मला दिसलं. बाळाच्या पोटावर एक करडं, दाणेदार, हलतं चित्र — चाळलेल्या पिठासारखं. त्यात काळी वाट, वाटेत दोन पांढऱ्या रेघा, यकृतापाशी वाकलेल्या.

मी नळी थोडी मागे घेतली, पोटावर दोन बोटं टेकवली, पुन्हा सरकवली. रेघा सरळ वर गेल्या. सिरिंजमध्ये रक्त आलं आणि चित्र नाहीसं झालं.

बाळ जगलं. ते जोरात रडलं तेव्हा मीही सगळ्यांदेखत रडले. आत्याबाई म्हणतात कशा, "पाहा, मोजलं नाही म्हून वाचलं!"

निवृत्तीनंतर नागपूरच्या एका रुग्णालयात गेले होते. एक तरुण डॉक्टर नवजात बाळाच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून नळीचं टोक शोधत होती. असली तपासणी मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. पडद्यावर बघते तर... तेच चित्र! तोच करडा दाणा, त्याच दोन रेघा — नळीच्या दोन कडा.

"यकृतात वळलीय, मागे घे," मी बोलून गेले. तिला अजून टोक सापडलंही नव्हतं.

तिने प्रोब हलवला, पाहिलं, नळी मागे घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर होतं, मॅडम! हे बघायला कुठे शिकलात?"

त्या दुपारी मला ते कोणी दाखवलं, कसं दाखवलं, आजही सांगता येत नाही. पण ती तरुण डॉक्टर उत्तराची वाट बघत होती.

"खामगावला," मी म्हणाले.