अ‍ॅव्हिसची काठी

आमच्या गावात दारू तयार झाली की घरावर काठी लागते. लांब दांडा, टोकाला ओल्या डहाळ्यांची जुडी. पाटी कोण वाचणार? पाद्रीबाबा सोडले तर कुणाला अक्षर येत नाही. जुडी दिसली की माणसे आपला पेला घेऊन निघतात. पण आधी चाखणारा यायला हवा. गावाने नेमलेला माणूस घोट घेतो, भाव ठरवतो, मगच विक्री. त्याच्याआधी थेंब जरी विकला तरी दंड.

अ‍ॅव्हिस अकरा वर्षे दारू गाळत होती, पण काठी लावायचा तिचा नवरा वॉट. तो हिवाळ्यात तापाने गेला. दीर म्हणाला, "आता आमच्या चुलीपाशी ये. भांडी आहेत घासायला."  तिने घरातले शेवटचे जव भिजवले, मोड आणले, भाजले, दळले, दारू गाळली. शुक्रवारी सकाळी शिडीवर चढून काठी स्वतः लावली.

चाखणारा ऑस्बर्ट आला नाही.

शनिवारीही नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या बायकोचीही काठी लागली होती. तिची दारू त्याने चाखली, चांगली म्हटली आणि गाव तिकडे वळले. जवाची दारू फार तर पाच दिवस टिकते. मग आंबते, डुकरांना जाते. ही आंबली तर पुढच्या खेपेला जव नव्हते. मग दिराची भांडी होतीच.

शेजारीण टिलोट कुंपणावरून म्हणाली, "मागच्या दाराने वीक गं. कोण बघतंय?"

"मी बघतेय की," अ‍ॅव्हिस म्हणाली.

"मग बस जुडी बघत. वाळली की चूल पेटवायला होईल."

रविवारी प्रार्थना सुटली तेव्हा अ‍ॅव्हिस देवळात नव्हती. ती रस्त्याने येत होती. खांद्यावर काठी, पुढे एकचाकी गाडा, गाड्यावर दारूचे पिंप आणि पहार. काठीची जुडी मागे धुळीत ओढली जात होती. ऑस्बर्टच्या उंबऱ्यासमोर तिने पहारीने खड्डा केला, काठी रोवली, भोवती दगड ठोकले. लोक थांबले.

ऑस्बर्ट जेवता जेवता बाहेर आला. "हे काय गं अ‍ॅव्हिस? डोकं फिरलं का तुझं?"

"नियम तुम्हीच सांगता, ऑस्बर्टदादा. काठी जिथं बाहेर, तिथं चाखणाऱ्यानं यायचं. माझं घर तुम्हाला लांब पडत होतं. म्हणून काठी जवळ आणली."

कुणीतरी ओरडले, "दादा, आता दोनच पावलं! का घोडं आणू?"

आतून त्याच्या बायकोने दार लोटले, पण तोवर तो बाहेर होता.

त्याने पेला घेतला. घोट तोंडात फिरवला, गिळला. गाव त्याच्या गळ्याकडे बघत होते.

"जरा आंबूस आहे."

"हो. तीन दिवसांची आहे," अ‍ॅव्हिस म्हणाली. "शुक्रवारी ताजी होती. शुक्रवारी कुठं होता ते मी विचारलं नाही. भाव सांगा."

त्याने पेला गाड्यावर ठेवला. मग त्याने बायकोच्या दारूपेक्षा कमी भाव सांगितला. तो अन्याय होता, आणि जमलेल्या प्रत्येकाला ते कळत होते.

"चालेल," ती म्हणाली. "म्हणजे विकायला मोकळीक. सगळ्यांनी ऐकलं ना?"

काठी उपटून तिने खांद्यावर घेतली आणि गाडा वळवला. मागे वळून बघितले नाही. आधी फक्त चाकाचा आवाज होता. गिरणीच्या वळणावर त्यात पावले मिसळली. एक जोडी, मग पुष्कळ.

दारात पोचल्यावर टिलोटनेच पहिला पेला पुढे केला. "ओत आता. घसा वाळला तुझ्यामागं येऊन."

"थांब," अ‍ॅव्हिस म्हणाली आणि शिडी भिंतीला लावली. "आधी काठी वर जाऊ दे."