भिंतीकडे तोंड करून बसलेले पालक

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळी साडेसहा. हजर: मुलं सात, पालक सहा, माझी मोठी जाऊ आणि तिची शिट्टी. गैरहजर कोणी नाही. तिच्या वर्गाला दांडी मारायची हिंमत अख्ख्या समता कॉलनीत कोणाला नाही.

रायपुरात मुलांना पोहायला शिकवणारे पुष्कळ असतील, पण त्यांच्या आईबापांना भिंतीकडे तोंड करून बसवणारी ही एकटीच. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ती हा वर्ग घेते. मुलं तिला ‘बड़ी मम्मी’ म्हणतात. पालक मनातल्या मनात काय म्हणतात याची मी नोंद ठेवलेली नाही. पहिले चार दिवस ती कोणाला पोहण्याच्या तलावाकडे फिरकू देत नाही. घरच्या गच्चीवर बादल्या मांडते, आणि त्यात तोंड बुडवून प्रत्येकाने आज काय खाल्लं ते पाण्याला सांगायचं. बुडबुडे कमी आले तर, “पाण्याले समजलं नाही, फिरून सांग!” रबरी ट्यूब दिसली की जप्त, थेट तिच्या स्कूटरच्या डिकीत. ‘घाबरू नकोस’ हे शब्द तिच्या तोंडून कधीच निघत नाहीत. “भ्याचं असन तं भे, पण पाय हालवत भे!” एवढाच तिचा उपदेश, आणि पोट्टे तो ऐकतात. अभनपूरचे एक धिप्पाड धान-व्यापारी काठावरून मुलाला ‘हाथ मार, हाथ मार’ ओरडत होते, तर तिने त्यांची खुर्ची त्यांच्यासकट वळवली. “भैयाजी, आप दीवार देखिए. बच्चे को मैं देख रही हूँ.” तेव्हापासून ते भिंतीचे पोपडे मोजतात आणि मुलगा मजेत पोहतो.

माझी आठ वर्षांची लेक मात्र काठाची दांडी सोडत नव्हती. गेल्या वर्षी अमरावतीकडे शेतातल्या टाक्यात ती घसरली. लगेच बाहेर काढली, पण तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेईना. मी सगळी माहिती मुद्देसूद लिहून जावेला दिली. तिने कागद न वाचताच परत केला.

“हिले पाण्याचं भ्या नाही वो, तुह्या तोंडाचं भ्या हाय. पोट्टी पडली तवा तू केवढी बोंबलली!”

“मग काय हसायचं होतं, ताई?”

“नाही. भिंत पाहाची.”

तर त्या रविवारी मी भिंत पाहत होते. मागे शिट्टी वाजली. पाणी उडाल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. माझी मान वळणार, तेवढ्यात शेजारून व्यापारी कुजबुजले, “बहनजी, मुड़ना मत.” मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग पाय आपटल्याचा आवाज, वेडावाकडा, पण न थांबणारा.

“मम्मी! छोड़ दिया मैंने! इस पार तक आई! देखा ना?”

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, “नाही पाह्यलं तिनं. एकदा बी मान वळवली नाही. दोघीबी पास!”

लेकीचा एकही निकाल मी चुकवलेला नाही. हा एकच डोळ्यांनी पाहिला नाही, आणि अभिमान सगळ्यात जास्त याचाच आहे.

आता ती तलावाकडे माझ्यापुढे दहा पावलं चालते. “उथळ बाजू झाली,” जाऊ परवा म्हणाली. “आता खोल बाजू. तवा तू घरीच राह्यजो.” मी मान डोलावली. पण घरी राहणं अजून जमलेलं नाही. कधी काही न विसरणारी मी, रोज लेकीच्या पिशवीत टॉवेल ठेवायला विसरते. आणि मग तो द्यायला जावंच लागतं.