दारवानाच्या बहिणीची घागर

गेम खेळणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला पाठ आहे. आधी हसतात, मग विचारतात, मुलं किती? मूल नाही म्हटलं की त्यांना सगळं समजतं. रिकामटेकडी आहे, दुसरं काय करणार. मी काही समजवायला जात नाही. धुळ्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेते, दोन वेळचं करून खाते आणि राहिलेला वेळ माझा आहे. ज्यांना सासू-नणंदेच्या मालिका चालतात त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

माझं इंग्रजीही गेमनेच केलं. भाऊ अकरावीला गेला तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला. माझ्यासाठी नव्हताच तो. मी आठवीत. यावलच्या अलीकडे आमचं गाव, चहूकडे केळी, आणि गावात तेव्हा दुसरा कॉम्प्युटर नव्हता. भावाने जळगावहून कुठल्याशा दुकानातून एक गेमची सीडी आणली. कव्हर नाही, वर नुसते पेनने लिहिलेले दोन शब्द. त्यात एक टपालवाला होता. लढाईत होरपळलेल्या मुलखात गावोगाव पत्रं पोचवायची, एवढंच काम. मारामारी फार नव्हती. माणसंच माणसं होती आणि ती बोलायची.

भाऊ उंदीर धरायचा, मी डिक्शनरी. तो वाक्य वाचणार, मी शब्द शोधणार आणि आमच्या भाषेत सांगणार. त्यामुळे त्या गेममधली सगळी माणसं आमच्यासाठी यावलकडचीच झाली. एक म्हातारी वैदीण होती, रोग्याला कधी खरं सांगायची नाही, कारण खरं ऐकून तिचा स्वतःचा नवरा औषध टाकून निघून गेला होता. एक चोर होता, तो फक्त किल्ल्या चोरायचा. लहानपणी त्याला कोणीतरी कोठीत कोंडलं होतं. अशी माणसं. मला वर्गातल्या मुलींपेक्षा ती जवळची वाटायची, आणि आज विचाराल तर आजही वाटतात.

पण आमचा खरा माणूस दारवान. शहराच्या वेशीवर बसलेला, पांढऱ्या मिशीचा, एका कानाने बहिरा. वेढा पडला तेव्हा त्याला हुकूम आला, दार लाव. त्याची बहीण बाहेर होती, पळत येत होती. त्याने दार लावलं. तिने बाहेरून हाक मारली, ती त्याने ऐकली आणि कडी काढली नाही. शहर वाचलं. तेव्हापासून तो वेशीवर बसतो आणि येईल त्याला आत घेतो. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. त्याचं एकच वाक्य होतं, त्याचं मी असं केलं होतं: "कोन हाये विचारत नही. ये."

ते वाक्य आम्ही हजारदा ऐकलं असेल, आणि त्याला कारण लोडशेडिंग. गेम सेव्ह व्हायचा तो फक्त वेशीवर. लाइट गेली की पुढचं सगळं गेलं, पुन्हा दारवानापासून सुरुवात. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचं वेळापत्रक होतं आणि ते कधी पाळलं जात नव्हतं. भाऊ चिडून टेबलावर मूठ आपटायचा, मग लाइट आली की पुन्हा तोच पांढऱ्या मिशीचा माणूस, तेच वाक्य. घरातही ते वाक्य चालू झालं. मी शाळेतून आले की भाऊ दार अडवून मान वाकडी करायचा, एका कानावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कोन हाये विचारत नही. ये." आई म्हणायची, या पोरांना काय भूत लागलं.

एकदा दारवानाची गोष्ट वाचताना भाऊ रडला. सतरा वर्षांचा पोरगा, ओठावर मिसरूड, आणि डोळे पुसतोय. म्हणाला, "मी असतो तर कडी काढली असती. शहर गेलं खड्ड्यात." मी त्याच्याकडे बघत राहिले. असा भाऊ कोणाला आहे, असं मला वाटलं. हे मी खोटं सांगत नाही, तेव्हा खरंच वाटलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घराघरात मेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात. वर आंबा नाहीतर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, गोड सांजोरी ठेवायची, हात जोडायचे. नानांनी आजोबांची घागर भरली. ते शेतात गेले आणि भावाने मागच्या पडवीत दुसरी घागर मांडली. कुंभाराकडून त्यानेच आणली होती. दारवानाच्या बहिणीची. तिचं कोणी केलं नसेल, म्हणाला. मी आमच्या पानातली सांजोरी नेऊन ठेवली.

आईने पाहिलं. आधी तिला काही कळेना, मग भावाने सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने विचारलं, "मेली का ती? पाह्यली का तुम्ही?"

नाही, म्हटलं. दार लावलं एवढंच आहे. पुढचं दाखवत नाहीत.

"मंग काहाले भरली? जित्या माणसाची घागर भरू नही," असं म्हणून तिने पाणी तुळशीला ओतलं आणि दोघांना एकेक ठेवून दिली. गेममधल्या बाईसाठी मार खाल्लेली आमच्या गावातली आम्ही दोघंच असू.

पुढे नाना गेले. आजोबांच्या घागरीशेजारी त्यांचीही घागर आली, भाऊ ती भरू लागला. मग लग्नं झाली, आणि झाली ती साटंलोटं. म्हणजे भावाची बायको ती माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. एका मांडवात दोन लग्नं, खर्च निम्मा, दोन्ही घरं खूश. साट्यालोट्यात एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. एकीने संसार मोडला की दुसरीचा आपोआप हलतो. म्हणून दोघींनी गप्प बसायचं. दिल्या घरी सुखी राहा.

माझा नवरा हात उचलायचा. याच्यात नवीन काही नाही, म्हणून जास्त सांगत नाही. पाच वर्षं काढली. सहाव्या वर्षी आखाजीला माहेरी चार दिवस राहिले, झोक्यावर बसले, हसले, परत धुळ्याला सासरी गेले. पंधरा दिवसांनी त्याने माझं मनगट दारात घालून दार ओढलं. मी एका हाताने बॅग भरली आणि एसटीत बसले. धुळे, जळगाव, यावल. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत नव्हते. काही बोलावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

भर दुपार होती. भावानेच दार उघडलं. माझ्या हाताला ओढणी गुंडाळलेली, दुसऱ्या हातात बॅग. आखाजी होऊन गेलेली. लेक आखाजीला येते, आखाजी झाल्यावर पंधरा दिवसांनी बॅग घेऊन आली की काय समजायचं ते गावात शेंबड्या पोरालाही समजतं. तो उंबऱ्यात उभा होता. त्याच्या मागे वहिनी.

तो म्हणाला, "तिकडे सांगून आलीस का?"

त्याने दार लावलं असं मी म्हणणार नाही. लावलं नाही. नुसता उभा राहिला. ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मनगट बघितलं, बघून मान फिरवली. हळू आवाजात म्हणाला, तू आत आलीस तर संध्याकाळपर्यंत हिला तिच्या घरी पाठवावी लागेल, लेकरू लहान आहे, माझं घर मोडेल, तू समजून घे. आई आत होती. बाहेर आली नाही. मग त्याने माझी बॅग उचलली, मोटारसायकलवर मला यावलच्या स्टँडवर नेलं, धुळ्याचं तिकीट काढलं आणि खिडकीशी येऊन सांगितलं, थोडं सहन कर, सगळं ठीक होईल. गाडी निघेपर्यंत थांबला. याचं मात्र त्याला फार वाटत असेल, की थांबलो.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हेच मला आजही गिळवत नाही. त्याचं घर वाचलं. वहिनी आहे, लेकरू मोठं झालं, सगळं जागच्या जागी आहे.

मी धुळ्याला उतरले, पण सासरी गेले नाही. ज्या शिकवणीत मी अधूनमधून शिकवायला जायचे तिच्या शेजारी एक म्हातारी विधवा राहायची, तिची खोली रिकामी होती एवढं माहीत होतं. तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने बॅग बघितली, हात बघितला, आणि विचारलं, "जेवनी का?" नाही म्हटलं. ताट वाढलं. बाकीचं तिने आजवर विचारलेलं नाही. मी तिला अक्का म्हणते.

त्याला आता चार वर्षं झाली. फारकत झाली. चार वर्षांत भाऊ एकदाही धुळ्याला आला नाही. फोन केला तो दिवाळीला, दोन मिनिटं, वहिनी शेजारी नसताना.

या उन्हाळ्यात तो जुना गेम मला पुन्हा मिळाला. आता असे जुने गेम इंटरनेटवर विकायला असतात. लॅपटॉपवर टाकला. पांढऱ्या मिशा, बहिरा कान, तेच वाक्य. मी तोंडाने आमच्या भाषेत म्हटलंसुद्धा. मग लक्षात आलं, वेशीतून आत न जाता डावीकडे नदीच्या कडेने एक वाट जाते. आम्हाला ती माहीत होती. पण ती लांब होती, मध्ये कुठे सेव्ह होत नव्हतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात लाइट जायची. त्या वाटेच्या टोकाला काय आहे ते आम्ही कधी बघितलंच नाही.

या वेळी लाइट गेली नाही. टोकाला एक उतार होता, नावा होत्या. नाव चालवणारी बाई होती. उतारूलाच वल्हं मारायला लावायची आणि वर शिव्या द्यायची. बोलता बोलता कळलं, ही दारवानाची बहीण. मेली नव्हती. दार लागल्यावर ती नदीकडे पळाली होती, एवढंच.

तिला सांगायचा पर्याय येतो, तुझा भाऊ वेशीवर वाट बघतोय. मी दाबला. ती वल्हं न थांबवता म्हणते, "तो बसून वाट बघतो. मी इथे आहे, लपलेली नाही. उठून यायला त्याला पाय आहेत."

मी लॅपटॉप बंद केला. ज्या म्हाताऱ्यासाठी आम्ही रडलो, तो जगाला दार उघडत बसला होता आणि एकदाही बाहेर पडून त्याने बघितलं नव्हतं. केवढा मोठा माणूस वाटला होता आम्हाला. मेल्याने बसल्या जागी पुण्य कमावलं.

आखाजीच्या आधी चार दिवस भावाचा फोन आला. या वर्षी ये, म्हणाला, आई फार आठवण काढते. मी म्हटलं, "भाऊ, ती जिवंत होती."

"कोण?"

"दारवानाची बहीण. नदीवर नाव चालवते. आपण गेलोच नाही तिकडे."

 आवाज जड झाला त्याचा. "काय सांगतेस. आणि आपण तिची घागर भरली व बाई. किती वर्षं काढली असतील तिने बाहेर एकटीने."

"चार," मी म्हटलं.

"नाही नाही," तो म्हणाला, "बारा. दारवान सांगतो ना, बारा वर्षं झाली म्हणून. विसरलीस का?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी विचारलं, आले तर काय विचारशील दारात? तो म्हणाला, विचारायचं काय त्यात, फक्त किती दिवस राहशील ते आधी कळव, हिला सांगून ठेवावं लागेल.

मी गेले नाही. आखाजीच्या सकाळी बाजारातून एक नवी घागर आणली, आंबा आणला. ओट्यावर मांडायला लागले तेव्हा अक्का आली. तिने विचारलं, कोणाची? मी म्हटलं, भावाची. तिचा चेहरा उतरला.

"तुना भाऊ गया का?"

"नाही," मी म्हटलं. "आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं, आईसारखी. तिने घागर माझ्या हातातून घेतली, घरात नेली, ओल्या फडक्यावर ठेवली आणि प्यायच्या पाण्याने भरली. आंबा कापला, दोन वाट्यांत रस काढला आणि मला बस म्हणाली. मी तिच्यासमोर बसून रडले. भावासाठी रडले, त्या सतरा वर्षांच्या, कडी काढली असती म्हणणाऱ्या. त्याला जाऊन किती वर्षं झाली, आणि त्याची घागर भरता येत नाही, कारण तो यावलला जिवंत आहे.