आजोबांचा हळू आवाज

परवा फोनवर धाकटीने विचारलं, “आजी, आजोबांचा आवाज कसा होता गं?” तुम्ही दोघांनीही त्यांना पाहिलेलं नाही. “आहे माझ्याकडे, पाठवते,” असं मी सहज म्हणून गेले. तो लगेच का पाठवता आला नाही, ते आधी सांगते.

संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरात एक नियम कडक होता. दुपारी मोठ्याने बोलायचं नाही. भिंतीपलीकडचे काका रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. पाळी बदलली की आमच्याकडे कुणी झोपलेलं असे, आणि मग काकांच्या घरचे हळू बोलत. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी ती चिमट्याने उचलून वाफ सोडून द्यायची.

आजोबा कंपनीत तपासणी विभागात होते. सेकंड शिफ्ट असली की तुमच्या बाबाला झोपताना गोष्ट सांगायला ते घरी नसायचे. म्हणून मी डबा भरेपर्यंत ते टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन गोष्ट सांगून ठेवायचे. कारखान्याच्या पत्र्याखाली घरटं बांधणाऱ्या चिमणीची. काकांची झोप मोडू नये म्हणून अगदी हळू. बाबा टेपला कान लावून झोपी जायचा.

आजोबा गेल्यावर त्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. आठ बिट की सोळा बिट, असं त्याने विचारलं. आठला फाइल निम्मी होत होती. साधं बोलणंच तर आहे, गाणं थोडंच आहे, असं म्हणून मी आठ निवडलं. सगळ्या गोष्टी एका सीडीत बसल्या. मी लेबल लावलं आणि कॅसेट भंगारात दिल्या. मला पसारा खपत नाही, तुम्हाला माहीत आहे.

धाकटीच्या फोननंतर ती सीडी लावली, तर आवाज फार बारीक. म्हणून पिंपळे गुरवला एका स्टुडिओत गेले. तिथे भजनी मंडळांची रेकॉर्डिंग होतात. मालकाने आवाज वाढवला, तशी त्याबरोबर खरखरही वाढली.

“आजी, हे कुणी उतरवलंय?”

“मी.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयच ठेवली नाही तुम्ही.”

“आता सोळा बिट करता येईल का?”

“फाइल होईल हो सोळाची. आवाज आठाचाच राहणार.”

त्याने समजावून सांगितलं. आवाज मोजताना त्याच्या पायऱ्या पाडतात. आठ बिटला अडीचशेच्या आसपास, सोळाला पासष्ट हजारांहून जास्त. मोठ्याने बोलणाऱ्याचं आठावरही भागतं. हळू बोलणारा मात्र तळच्या चार-दोन पायऱ्यांवरच राहतो, आणि दोन पायऱ्यांच्या मधलं सगळं जातं. आजोबांना हे लगेच कळलं असतं. मायक्रोमीटरच्या कामाला फूटपट्टी लावणाऱ्यांवर ते फार चिडायचे.

“खरखर काढून बघू,” मालक म्हणाला. काढली. आवाज स्वच्छ झाला, पण बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. वाक्यांची टोकं गळून पडली, आणि गोष्टीनंतरचं त्यांचं शेवटचं वाक्य तर खरखरीबरोबर पुसूनच गेलं. मी म्हटलं, “राहू द्या. होतं तसंच द्या.”

तीच फाइल पाठवते आहे. आवाज वाढवू नका, खरखरच वाढेल. पंखा बंद करा, दार लावून घ्या आणि जवळ बसा. भिंतीपलीकडे कुणी झोपलं आहे असं समजून ऐका.

चिमणीची पिल्लं उडून गेली की थोडा वेळ काहीच नाही. टेप मात्र चालू असते. मग आजोबा बाबाला विचारतात, “झोपलास का रे?”

मला ते ऐकू येतं. पण मला ते पाठ आहे, म्हणून माझा भरवसा धरू नका. तुम्हाला ऐकू आलं का, तेवढं कळवा.