लोकरीची गाठ

बसप्पांच्या चादर कारखान्यात सिद्धनाथ शिरला, तेव्हा डावा हात त्याने टॉवेलखाली धरला होता. खरं तर सोलापुरातल्या मागवाल्यांना त्या हाताचं ठाऊकच होतं. गेल्या आषाढात दुसऱ्या एका कारखान्यात मागाच्या दातेरी चक्रात तो हात सापडला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. त्याआधी बारा वर्षं तो दोन माग एकटा सांभाळायचा.

आठ महिने सांगोल्याकडे गावी काढले. भाऊ म्हणायचा, मेंढरं राख. सिद्धनाथ मात्र आईने चातीवर कातलेला लोकरीचा धागा तोडायचा आणि उरलेल्या बोटांनी, दातांनी पुन्हा सांधायचा. गाठ शंभरदा सुटली, मग बसायला लागली.

"गाठ आली की माग आला," असं बायकोला, तानाबाईला, सांगून तो एसटीत बसला होता.

"दाव हात," बसप्पा म्हणाले.

त्याने टॉवेल काढला.

"गाठ येती?"

"येती की, मालक."

"मग तीन नंबरावर जा. तासभर बघतो. जमलं तर माग तुझा. न्हाय जमलं तर मला बोल लावू नको."

दांडा ओढताच माग धडधडू लागला. धोटा इकडून तिकडे धावू लागला. पायाखालची फरशी थरथरली, तसं सिद्धनाथला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. पाव तास ताण्याचे उभे धागे गुणानं वागले. मग एक धागा तुटला.

त्याने माग थांबवला. बसप्पा पाठीशी येऊन उभे राहिले. अंगठा, करंगळीजवळचं बोट, दात. गाठ बसली. ओढून पाहिली, घट्ट.

माग पुन्हा सुरू झाला. गाठ तसूतसूने फणीकडे सरकत होती. गाठ फणीच्या दातांत शिरली, अडकली, आणि शेजारचे चार धागे तटातट तुटले.

तेव्हा त्याला उमगलं. जाड गाठ घोंगडीच्या लोकरीत मुरून जाते. खळ दिलेल्या सुतात ती कुठे मुरणार?

"अरे, ही घोंगड्याची गाठ!" बसप्पा म्हणाले. "चादरीला मेंढरू बांधतोस काय?"

पलीकडच्या मागावर कुणीतरी हसलं.

"आणखी एक डाव, मालक."

"माल खराब हुतो. कांडीवर जागा हाय, बसायचं तर बस."

धोट्यात घालायच्या कांड्या भरायचं काम बायकांचं. त्या कोपऱ्यात पुरुष कधी बसला नव्हता. सिद्धनाथचे कान तापले. त्याने टॉवेल पुन्हा हातावर ओढला आणि दाराकडे वळला.

"बा अण्णा, ये, बस की," कांडीवरची म्हातारी निंगव्वा चाक न थांबवता म्हणाली. "लाजतोस काय? हितं दिवसाला दोनशे डाव धागा तुटतोय. गाठी मारून नखं गेली आमची."

सिद्धनाथ थांबला. "सुतीच हाय न्हवं?"

"मग काय लोकर?"

तो मालकाकडे फिरला. "गाठ बारीक आली तर मागावर घ्याल?"

"मला काय इचारतोस? फणीला इचार."

सिद्धनाथ टॉवेल अंथरून बायकांच्या रांगेत बसला. पहिली गाठ सुटली, दुसरीही. तिसरी टिकली. निंगव्वाने तिच्यावरून बोट फिरवलं.

"जाडच हाय."

त्याने ती दाताने तोडली आणि धागा पुन्हा हातात घेतला.